आपाचा दम

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



'दम' हा शब्द आपल्या मराठीत किती ठिकाणी कामाला येतो, याची यादी मी एकदा वहीत करून पाहिली होती. जिना चढताना दम लागतो. न ऐकणाऱ्या पोराला दम द्यावा लागतो. उतावळ्याला 'दम धर' म्हणतात, थकलेल्याला 'दम खा'. पुढाऱ्यांच्या भाषणात दम असतो आणि आमच्या कवितांत तो नसतो, असं समीक्षक म्हणतात. बिर्याणीलाही दम द्यावा लागतो. शब्द फारसीतला, मूळ अर्थ श्वास. यादी चांगली दोन पानं झाली, तरी तिच्यात एक वाक्य लिहायचं राहून गेलं. माझी थोरली बहीण ते दिवसातून चार वेळा म्हणायची : "बाबू, दम पुरता नई रे."

आम्ही मिरजेचे. घरात दखनी, शाळेत मराठी. आणि कविता सुचायला लागली तेव्हा ती आपसूक मराठीतच सुचली. आपा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन ती गल्लीभर हिंडायची, असं अम्मी सांगायची. लग्न होऊन ती जवळच्याच एका गावात, मोठ्या खटल्याच्या घरात गेली. चौदा माणसं. दोन्ही वेळच्या भाकऱ्या चुलीवर. जळण म्हणजे शेणी, तुरीच्या काट्या, उसाचं पाचट. पावसाळ्यात ते सगळं ओलं, आणि मग फुंकणी. आताच्या मुलांना फुंकणी समजावून सांगावी लागेल. हातभर लांबीची लोखंडी नळी. एक टोक तोंडाला, दुसरं निखाऱ्याजवळ. फुंकर मारून झाली की श्वास आत घ्यावाच लागतो, आणि घ्यायला समोर फक्त धूर असतो. तिच्या घरी गॅस आला तोवर तिची तीस वर्षं चुलीपुढे गेली होती. विडी-सिगारेटचा तर प्रश्नच नव्हता. व्यसन म्हणाल तर सकाळची चिमूटभर मशेरी.

पन्नाशीनंतर तिला खोकला लागला. साठीत धाप. आम्ही काय म्हणालो? वय झालं. तिची मुलं म्हणाली, अम्मा फार मनावर घेते. एकदा ती माझ्याकडे आली होती. दुसरा मजला चढताना तीनदा पायरीवर बसली. मी कवी माणूस, लोक मला संवेदनशील वगैरे म्हणतात. मी तिला म्हणालो, "आपा, रोज थोडं चालत जा. बसून बसून असं होतं." ती काहीच बोलली नाही. तिला वाईट वाटलं असेल, असं मला दुसऱ्या दिवशी वाटलं. उत्तर द्यायलाही दम लागतो आणि तो तिच्याकडे नव्हता, हे कळायला मला आणखी दोन वर्षं लागली.

शेवटी तिची फुंकण्याची तपासणी झाली. एका नळीत जोरानं फुंकायचं. पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर पडली आणि एकूण किती पडली, याचं प्रमाण काढतात. औषधाचा फवारा घेऊनही ते ७० टक्क्यांच्या खाली राहिलं तर श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या आहेत, असं धरतात. या आजाराला सीओपीडी म्हणतात. हा सिगारेट ओढणाऱ्यांचाच आजार, असा समज बरीच वर्षं होता. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात, धूम्रपान न करणाऱ्यांच्या सीओपीडीवर लेख लिहिला. त्यात चुलीच्या धुराला मोठं स्थान आहे. तो लेख छापून आला तेव्हा आपाच्या घरी गॅस येऊन चार वर्षं झाली होती.

पंप सुरू झाले. खोकला कमी झाला, पण दम काही हटेना. वाकून चप्पल घालताना, केस विंचरायला हात वर केला की, उताणं झोपलं की धाप. तिला तपासणाऱ्या छातीच्या डॉक्टर बाई वयानं माझ्या मुलीएवढ्या. त्या म्हणाल्या, "फुप्फुसांचा रिपोर्ट आहे आपल्याकडे. आता खालचा स्नायू बघू. सोनोग्राफी करू."

त्या खोलीच्या दारावर पाटी होती : येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. आपा दाराशीच थबकली. पदर तोंडाला लावून मला म्हणाली, "या अल्ला! इस उमर में?" सहासष्ट वर्षांची बाई. मला हसू आवरेना, डॉक्टर बाईंनाही आवरलं नाही, आणि हसल्यामुळे आपाला पुन्हा धाप लागली. ती पाटी आपल्या राज्यात उगीच लागलेली नाही. पोटातल्या मुली मारण्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्रानं १९८८ साली केला, केंद्राचा १९९४ साली आला. त्यामुळे छाती पाहायची असली तरी प्रत्येक सोनोग्राफी यंत्राची नोंदणी लागते, ते काखोटीला मारून कुठेही फिरता येत नाही. छोट्या दवाखान्यांतल्या छातीच्या डॉक्टरांना याचा जाच होतो. आपल्या समाजानं केलेल्या पापाची ती किंमत आहे, आणि ती मोजायला हवी, असं माझं मत.

आपा बिचकली होती, म्हणून डॉक्टर बाईंनी आधी मलाच झोपवलं. उजव्या बरगडीखाली गार जेली लावली, वाकडा, गोलसर तोंडाचा यंत्राचा माथा तिथे टेकवला. पडद्यावर करड्या रंगाचा ढग दिसला. ते माझं काळीज, म्हणजे यकृत. त्याच्या पलीकडे एक बारीक, पांढरी, वाकलेली रेघ. ईदच्या आदल्या संध्याकाळी गच्चीवरून आम्ही शोधतो ना, तसा चांद. मी श्वास घेतला की तो पुढे सरकायचा, सोडला की मागे जायचा.

मराठीत त्याला श्वासपटल म्हणतात, डॉक्टर मंडळी डायफ्रॅम म्हणतात. छाती आणि पोट यांच्या मधला हा पडदा. मी तो आयुष्यभर पाहत आलो होतो. बकरी ईदला कुर्बानीचा बकरा साफ करताना वर फुप्फुसं, खाली कलेजी आणि मधे एक पातळ, तांबूस पडदा दिसतो. लहानपणी वाटायचं, दोन खोल्यांमधली नुसती भिंत असेल. प्रत्यक्षात सगळी ओढाताण तोच करतो. फुप्फुसांना स्वतःचे स्नायू नाहीत, ती आपण होऊन फुगू शकत नाहीत. श्वासपटल घुमटासारखं वर उचललेलं असतं. ते आकसतं, खाली उतरतं, छातीत जागा होते आणि हवा आत येते. ते सैलावलं की हवा बाहेर. आमच्याकडे पेटीच्या भात्याची उपमा सगळ्यांना कळते. सूर पट्ट्यांतून निघतात, पण भाता हलला नाही तर पेटी मुकी. उचकी लागते तेव्हाही हेच पटल अचानक झटका देतं. कुणीतरी आठवण काढत असतं ते वेगळं. त्याला हुकूम पोहोचवणारी नस निघते थेट मानेतून आणि हृदयाच्या बाजूनं खाली येते.

मिनिटाला पंधरा श्वास धरले तर दिवसाचे होतात २१,६००. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांत नेमका हाच आकडा आहे. त्या दिवशी आपाचे मोजले तर मिनिटाला अठ्ठावीस भरले. म्हणजे दिवसाला चाळीस हजारांच्या वर. बसून बसून असं होतं, असं मी तिला म्हणालो होतो. बसल्या जागी ती माझ्या जवळपास दुप्पट राबत होती.

सीओपीडीत बिघाड असा होतो. अरुंद नळ्यांतून हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. जुनी हवा कोंडून राहते, तिच्यावर नवी येते. फुप्फुसं फुगलेलीच राहतात, छाती पिंपासारखी होते. या फुगलेल्या फुप्फुसांचा भार खालच्या पटलावर येतो आणि घुमट दबून सपाट होतो. आधीच खाली असलेल्याला आणखी खाली उतरायला कुठे जागा आहे? स्नायूचे धागेही आखूड झालेले असतात, त्यांची ओढ कमी पडते. काही रोग्यांत तर श्वास घेताना खालच्या बरगड्या बाहेर फुलण्याऐवजी आत ओढल्या जातात. मग मानेचे, खांद्याचे स्नायू मदतीला धावतात. केस विंचरताना आपाला धाप का लागायची, ते इथे कळलं. तिचे खांदे श्वास घेण्याच्या कामाला जुंपलेले होते, त्यांना दुसरं काम सांगितलं की श्वास उघडा पडायचा.

हे पटल बिचारं गप्प बसून सोसत नाही, हेही मला नंतर वाचायला मिळालं. अमेरिकेतले सॅनफर्ड लेविन आणि त्यांचे सहकारी यांनी १९९७ साली दाखवलं की, तीव्र सीओपीडीच्या रोग्यांत श्वासपटलाचे धागे आपला स्वभाव बदलतात. चटकन जोर लावणारे धागे कमी होतात, सावकाश पण न थकता काम करणारे वाढतात. लांब पल्ल्याच्या धावपटूच्या पायांत होतं तसं. चौदा माणसांच्या भाकऱ्या थापणाऱ्या बाईच्या पोटात असा स्नायू असणार, याचं मला नवल वाटलं नाही.

आता आपाची पाळी आली. उजवीकडून यकृताच्या आडून पटल चांगलं दिसतं. डावीकडे प्लीहेची खिडकी लहान, त्यात जठरातला वायू आडवा येतो. म्हणून आधी उजवं. डॉक्टर बाईंनी एक बटण दाबलं आणि पडद्यावर चित्राऐवजी लाटा उमटायला लागल्या. एकाच रेषेवरची हालचाल वेळेबरोबर पुढे पुढे लिहीत जायची, अशी ती पद्धत. शिंप्यानं घातलेल्या टाक्यांसारखी लाट. तिची उंची म्हणजे पटल किती सेंटिमीटर हललं ते.

फ्रान्समधल्या बूसूज आणि सहकाऱ्यांनी २००९ साली निरोगी माणसांचे आकडे प्रसिद्ध केले, ते अजूनही मापदंड म्हणून वापरतात. शांत श्वासात उजवं पटल पुरुषांत सरासरी १.८ आणि स्त्रियांत १.६ सेंटिमीटर हलतं. छाती भरून श्वास घेतला तर ७ आणि ५.७. माझा खोल श्वास साडेसहाच्या आसपास आला. कविसंमेलनात ओळ मध्येच तुटते, हे एवढ्यानं माफ व्हावं.

आपाचा शांत श्वास १.४. डॉक्टर बाई म्हणाल्या, "आता भरपूर घ्या, मावशी. जेवढा येतो तेवढा." आपानं डोळे मिटले. तिच्या मानेच्या शिरा ताठल्या, खांदे वर आले. लाट जराशी वर चढली आणि मोडली. ३.१. पुन्हा घेतला. ३.१. तिसऱ्या वेळी ३. मग वास हुंगल्यासारखा नाकानं एक झटकन श्वास घ्यायला सांगितला. नस निकामी झाली असेल तर या हुंगण्याच्या वेळी पटल खाली जाण्याऐवजी उलटं वर उचललं जातं. तसं झालं नाही. दोन्ही बाजू खालीच गेल्या. नस शाबूत होती. पटल मेलं नव्हतं, त्याला जागा उरली नव्हती.

मी पडद्याकडे पाहत राहिलो. इतकी वर्षं 'दम पुरता नई' असं ती सांगत होती, ते तिथे सेंटिमीटरमध्ये लिहिलेलं होतं. तिचा मोठा मुलगा माझ्या मागे उभा होता. तो बाहेर जाऊन बाकावर बसला, बराच वेळ आत आला नाही.

छातीची सोनोग्राफी ही गोष्टच पूर्वी अनेकांना हास्यास्पद वाटायची. आपल्या कानांना ऐकू येत नाही असा आवाज शरीरात सोडायचा आणि त्याचा प्रतिध्वनी टिपायचा, हे तिचं तत्त्व; आणि हवा लागली की हा आवाज पुढे जात नाही. फुप्फुस म्हणजे तर हवाच. पण त्याच्या खालचा पडदा हवेचा नाही, मांसाचा आहे, आणि त्याला पाहायला यकृताची खिडकी आयती आहे. पटलाची जाडीही पाहता येते. त्यासाठी दुसरा, सरळ तोंडाचा माथा काखेखाली, आठव्या-नवव्या बरगडीच्या सांध्यात धरतात. दोन चकचकीत रेघा आणि मधे काळसर पट्टी. श्वास सोडल्यावर ती जेमतेम दोन मिलिमीटर असते आणि श्वास घेताना फुगते, दंडाची बेटकुळी फुगते तशी. किती टक्के फुगली, यावरून स्नायू कितपत जोर लावतोय ते समजतं. जाडी अशी मोजण्यावरचा अमेरिकेतल्या संशोधकांचा निबंध १९८९ सालचा आहे. म्हणजे विद्या नवी नाही. रोग्याच्या खाटेपर्यंत ती उशिरा आली.

आणि त्याआधी? त्याआधी डॉक्टर बोटांनी ठोकून पाहायचे. हे मला फार जवळचं वाटलं, कारण आम्ही लहानाचे मोठे झालो ते सतार-तंबोरे करणाऱ्यांच्या शेजारात. कारागीर भोपळा हातात घेतो, टिचकी मारतो, कान देतो आणि बाजूला ठेवतो किंवा घेतो. अठराव्या शतकात लिओपोल्ड औएनब्रुगर नावाच्या ऑस्ट्रियन डॉक्टरनं छातीवर बोटांनी ठोकून रोग ओळखायची रीत १७६१ साली पुस्तकात मांडली. तो खाणावळवाल्याचा मुलगा. पिंपात दारू किती उरली ते वरून ठोकून समजतं, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं, असं सांगतात. जुने डॉक्टर पाठीवर असंच ठोकत खाली यायचे. पोकळ आवाज संपून भरीव सुरू झाला की तिथे पटल. श्वास आत घ्यायला लावून पुन्हा ठोकायचं, दोन खुणांमधलं अंतर म्हणजे पटलाची चाल. नंतर क्ष-किरणांच्या पडद्यासमोर उभं करून हलतं पटल पाहायची सोय झाली, पण त्यात किरणांचा मारा. नेमका जोर मोजायचा तर नाकातून अन्ननलिकेत आणि जठरात नळ्या घालाव्या लागतात. आपानं ते ऐकूनच हात जोडले असते.

खरी परीक्षा पुढेच होती. २०२३ च्या नोव्हेंबरात थंडी पडायला लागली आणि आपाच्या छातीत कफ भरला. एका रात्री ती बोलता बोलता गुंगीत जायला लागली. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला. नाका-तोंडावर घट्ट मुखवटा बांधून दाबानं हवा देणारं यंत्र, बायपॅप, लावलं. माझा एक भाचा ऑक्सिजनचा काटा वाढवायला गेला तर सिस्टरनं त्याचा हात धरला. या आजारात प्राणवायूचं प्रमाण ८८ ते ९२ एवढंच राखायचं असतं. जास्त दिला तर अशा रोग्याच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. आपुलकीनं माणसाचं नुकसान कसं होतं, याचं हे उदाहरण मी विसरणार नाही.

रात्री दीडच्या सुमारास आम्हाला बाहेर बोलावलं. मुखवट्यावर निभावलं नाही तर घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावावा लागेल, तुम्ही विचार करून ठेवा. आम्ही कसला विचार करणार? तिची मुलं माझ्याकडे पाहत होती, कारण मी बी.ए. झालेला. मराठी घेऊन.

व्हेंटिलेटरनं जीव वाचतो, हे आधी सांगतो. कोणी गैरसमज करून घेऊ नका. पण तो श्वासपटलाला रजा देतो, आणि या स्नायूला रजा सोसत नाही. त्याच लेविन यांनी २००८ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदू मृत झालेल्या चौदा अवयवदात्यांच्या श्वासपटलाचे तुकडे त्यांनी तपासले. ही माणसं फक्त १८ ते ६९ तास व्हेंटिलेटरवर होती. तेवढ्यात धाग्यांच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ निम्म्याहूनही कमी झालेलं. जन्मभर एक दिवस सुट्टी न घेतलेला स्नायू, आणि तीन दिवसांच्या आत ही गत. यंत्र काढायच्या वेळी रोगी का अडकतो, त्याचं एक कारण हे. म्हणून गरज असेल तेव्हा नळी घालायला उशीर करायचा नाही, आणि गरज नसेल तर घालायची नाही. आणि गरज आहे की नाही, हेच पहाटे दोन वाजता ठरवायचं असतं.

डॉक्टर बाई घरून आल्या. यंत्र ओढत आपाच्या खाटेजवळ आणलं. या वेळी त्यांनी बरगडीखाली पाहिलं नाही, थेट काखेखाली. मी नंतर विचारलं, का? मुखवट्यातून हवा दाबानं आत ढकलली जात असते. तेव्हा पटल किती हललं यात यंत्राचा वाटा किती आणि माणसाचा किती, ते वेगळं काढता येत नाही. बेटकुळी मात्र ज्याची त्यालाच फुगवावी लागते. श्वास सोडताना १.९ मिलिमीटर, घेताना २.५. तिसाच्या थोडं वर टक्के. इटलीतल्या मोडेनाच्या डॉक्टरांनी २०१८ साली अशाच, अचानक बिघडलेल्या सीओपीडीच्या रोग्यांवर काम केलं होतं. ज्यांचं पटल वीस टक्क्यांहून कमी फुगत होतं, त्यांच्यात मुखवटा अपुरा पडण्याचं प्रमाण जास्त दिसलं.

"थकलंय, पण सोडलेलं नाही," त्या म्हणाल्या. "नुसत्या या आकड्यावर मी काही ठरवत नाही हं. रक्ताचा रिपोर्ट थोडा सुधारलाय, हाक मारली की त्या डोळे उघडतात. दोन तास मुखवट्यावरच थांबू. मग पुन्हा बघू."

ते दोन तास मी काचेच्या या बाजूला उभा होतो. मला आयते कलमे आठवायला हवेत, अशी घरच्यांची अपेक्षा असणार. मी मात्र श्वास मोजत होतो. चौतीस. बत्तीस. बत्तीस. आमच्या मिरजेत अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर दर्ग्याच्या आवारात आहे. १९३७ साली ते गेले. दरवर्षी तिथे गवई येऊन हजेरी लावतात. लहानपणी रात्ररात्र ते गाणं ऐकताना आपा मला कोपरानं ढोसून म्हणायची, बघ, अजून श्वास घेतलेला नाही. अजून नाही. पहाटेची अजान झाली तेव्हा मी सत्तावीस मोजले.

तिला नळी घालावी लागली नाही. सोनोग्राफीनं ती वाचली, असं मी म्हणणार नाही. औषधांनी, मुखवट्यानं, रात्रभर जागलेल्या सिस्टर्सनी ती वाचली. सोनोग्राफीनं दोन तास दिले, आणि ते द्यायला हरकत नाही एवढा आधार दिला.

डिसेंबरात तिला व्यायामाला घातलं. आठवड्यातून तीन दिवस, आठ आठवडे. चालणं, पायांचे व्यायाम, आणि श्वास सोडायला शिकणं. घ्यायला नव्हे, सोडायला; कारण अडचण कोंडलेल्या हवेची आहे. पहिल्या दिवशी व्यायाम शिकवणारी मुलगी म्हणाली, "मावशी, नाकानं घ्या, आणि ओठ असे चंबूसारखे करून हळूहळू फुंकत सोडा. घाई करायची नाही." आपानं एकदा करून पाहिलं. मग माझ्याकडे वळली. "ये तो फुंकनी है रे." मुलीला काही कळेना. तिनं फुंकणी पाहिलीच नव्हती. आपानं हातानं मूठ वळून नळी करून दाखवली, आणि त्यातून एक लांब, सावकाश फुंकर मारली. खोलीतले बाकीचे चार-पाच रोगीही तसंच करायला लागले.

आठ आठवड्यांनी पुन्हा मोजणी झाली. सहा मिनिटांत ती आधी २१० मीटर चालली होती, आता २६५. पुन्हा जेली, पुन्हा ती पांढरी रेघ. खोल श्वास ३.६. मी आनंदानं काही बोलणार तोच डॉक्टर बाईंनी मला थांबवलं. हात जरा तिरका धरला गेला तरी काही मिलिमीटरचा फरक पडतो. पाहणारा बदलला तर आणखी. फुप्फुसांचा बिघाड होता तिथेच आहे, तो या यंत्रानं मोजला जात नाही आणि व्यायामानं जात नाही. चालण्यातली वाढ त्यांना जास्त भरवशाची वाटत होती. मला त्यांचं हे बोलणं आवडलं. आकडा हातात असताना त्याला आवरून धरणारी माणसं कमी भेटतात.

गेल्या महिन्यात आपा माझ्याकडे राहायला आली होती. मी खाली रिक्षापाशी गेलो, पिशवी घेतली आणि तिच्या मागे मागे जिना चढू लागलो. पहिल्या मजल्यावर ती थांबली, कठडा धरून जरा पुढे वाकली, ओठ चंबूसारखे केले आणि फुंकर सोडली. मी विचारलं, "आपा, बसतेस का?" तिनं हात वर केला. फुंकर पुरी झाल्यावर म्हणाली, "दम धर, बाबू. बोलती मैं." आणि पुढची पायरी चढली.